एका दिवसाची चाबी

दर अकरा महिन्यांनी एक दिवस आमचं दुकान खरोखर आमचं व्हायचं. बाकीचे सगळे दिवस ते भाऊजींचं होतं.

अमरावतीत राजकमल चौकातून कॉलेजांकडे निघालं की डाव्या हाताला चहाची टपरी लागते, तिला लागून आमचा गाळा. आमच्या ह्यांनी पाटबंधारे खात्यातली नोकरी करता करता तो घेतला, आणि घेतल्या घेतल्या भाऊजींना भाड्यानं दिला. भाऊजी म्हणजे काही सख्खे दीर नव्हेत. तेल्हाऱ्याकडचा हुशार, अबोल माणूस, पोटापाण्यासाठी इकडे आलेला. ह्यांना ‘दादा’ म्हणायचे आणि मला ‘वयनी’, म्हणून मी भाऊजी म्हणायला लागले. त्यांचं दुकान म्हणजे जर्नल, इंजिनिअरिंगच्या मुलांचे ड्राफ्टर, प्रयोगशाळेचे पांढरे एप्रन, आणि मुख्य म्हणजे प्रोजेक्टची बाइंडिंग. काळ्या कापडावर सोनेरी अक्षरं असलेली ती जाडजूड पुस्तकं मुलं छातीशी धरून घेऊन जायची. परीक्षा जवळ आली की रांग टपरीच्या पुढे जायची आणि टपरीवाल्याचाही धंदा व्हायचा.

करार अकरा महिन्यांचा. वकिलानं ह्यांना बजावलं होतं की दोन करारांच्या मध्ये एक दिवस तरी चाबी तुमच्या हातात पाहिजे, नाहीतर उद्या भाडेकरू म्हणेल की मी कधी सोडलंच नव्हतं. बाजारात बरेच मालक असं करतात. माल आतच असतो, फक्त शटर पडतं आणि चाबी मालकाकडे जाते. दुसऱ्या दिवशी नव्या कागदावर सह्या, आणि चाबी परत. आमच्या ह्यांना या गोष्टीची भारी लाज वाटायची. घरच्यासारख्या माणसाकडून चाबी काय मागायची! म्हणून त्यांनी त्या दिवशी भाऊजींना जेवायलाच बोलावलं, आणि पुढे तीच रीत पडली.

भाऊजी सकाळी यायचे, चाबी टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, आज मी भाडेकरू नाही, पाहुणा आहे. अकरा महिन्यांच्या हिशेबानं हा दिवस दर वर्षी महिनाभर मागे सरकायचा. कधी तो मे महिन्यात यायचा, तेव्हा मी आमरस करायची. कधी थंडीत आला तर पाटवडीचा झणझणीत रस्सा, आणि भाऊजी मोर्शीहून संत्री घेऊन यायचे. चाबी दिवसभर फ्रिजवरच्या वाटीत पडलेली असायची. दोघं पुरुष दुपारी हॉलमध्ये घोरत पडायचे आणि मी म्हणायची, एवढ्या वर्षांत तुम्हा दोघांना सुट्टी म्हणून हीच एक मिळते. दुसऱ्या दिवशी सकाळी हे स्वतः चाबी त्यांच्या हातावर ठेवायचे.

मग हे गेले. फार दिवस आजारी नव्हते, त्यामुळे काही बोलायचं, विचारायचं राहूनच गेलं. त्यानंतरचा पहिला चाबीचा दिवस चैत्रात आला. भाऊजी आले, चाबी ठेवली, जेवताना दोघांनीही अर्धं ताट तसंच ठेवलं. तरी दुसऱ्या दिवशी मी ती त्यांच्या हातावर ठेवली. तिथवर मी माणसात होते.

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. शाळेत मुख्याध्यापिका होते, चुकलं की तिथल्या तिथे सुनावायची सवय. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझी आई माझ्याबद्दल म्हणायची, आणि हे नुसते हसायचे. घरात ते होते तोवर माझा राग त्यांच्यापर्यंत जाऊन थंड व्हायचा. ते गेल्यावर तो सरळ लोकांपर्यंत जायला लागला.

पुढच्या हिवाळ्यात एक दलाल घरी आला. गोड बोलणारा, हातात दोन मोबाइल. म्हणाला, मॅडम, त्या रस्त्यावर आता कॅफेवाले जागा शोधून राहिले आहेत, तुम्हाला जवळजवळ दुप्पट भाडं मिळेल, आणि तुम्ही जर्नल विकणाऱ्याला धरून बसल्या आहात. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. पण जाता जाता तो म्हणाला की तुमच्या भाडेकरूनं दुकानात नवी फरशी बसवली आहे, तुम्हाला ठाऊक असेलच. मला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, जो माणूस फरशी बसवतो तो जागा सोडायच्या विचारात नसतो मॅडम, आणि आता साहेबही नाहीत.

झालं. माझं डोकं फिरलं. माझ्या दुकानात मला न विचारता फरशी! मी रिक्षा केली आणि तडक जाऊन पाहून आले. खरोखरच पांढरी फरशी होती. भाऊजी म्हणाले, जुनी फुटली होती, पोरं अडखळून पडत होती, दादा करून देतो म्हणाले होते, मग ते राहूनच गेलं, तुमाले कायले त्रास द्यायचा. मी त्यांचं बोलणं पुरतं होऊही दिलं नाही. दुकानात चार मुलं उभी होती, त्यांच्यासमोर मी म्हणाले की मालक कोण आहे ते विसरू नका. भाऊजींनी मान खाली घातली आणि हातातल्या कापडाला खळ लावत राहिले. पुण्याहून मुलाचा फोन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आई, तुला योग्य वाटेल ते कर. त्याच्यावर ढकलून मला सुटता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

त्या वेळचा चाबीचा दिवस प्रॅक्टिकल परीक्षेच्या तोंडावर आला होता. बाइंडिंगवाल्यासाठी वर्षातले ते दोन महिने म्हणजे सगळं वर्ष. दुकान मालानं भरलेलं, मुलांची प्रोजेक्ट अर्धवट बांधलेली. हे मला पक्कं माहीत होतं. भाऊजी नेहमीसारखे सकाळी आले, टेबलावर चाबी ठेवली. आज पाहुणा आहे वगैरे काही म्हणाले नाहीत. मी पोळी-भाजी वाढली. पाटवडी केली नव्हती, आणि त्यांनीही ते ताटात पाहिलं. चाबी मी वाटीत ठेवली नाही, कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते नव्या कराराचा कागद घेऊन दारात उभे राहिले. मी त्यांना आत या म्हटलं नाही.

“चाबी आता भेटणार नाही, भाऊजी. दुकान मी दुसऱ्याले देल्लं.”

त्यांच्या एका हातात कागद, दुसरा हात पँटच्या खिशात. मी मनात ठरवून ठेवलं होतं की ते काय काय म्हणतील आणि मी काय काय सुनावीन. पण ते गप्प, आणि खिशातला हात काही बाहेर निघेना. मला वाटलं, किती उर्मटपणे उभा आहे हा माणूस, माझ्या दारात, खिशात हात घालून! शेवटी म्हणाले, “बरं वयनी. माल काढाले दोन दिवस द्या.”

ते दोन दिवस मी स्वतः जाऊन शटर उघडून दिलं आणि दाराशी खुर्ची टाकून बसले, परीक्षेच्या हॉलमध्ये बसतात तशी. गठ्ठे एकेक करून टेम्पोत चढले. मुलं येत होती, त्यांना भाऊजी समजावत होते की तुमचं काम घरी करून देतो, घाबरू नका. टपरीवाल्यानं नंतर मला ऐकवलं की प्रत्येकाचं प्रोजेक्ट त्यांनी वेळेवर पोचवलं, सायकलवर घालून, होस्टेलच्या दारापर्यंत. मला चहाचा कप देतानाही तो माझ्याकडे पाहत नव्हता.

मग कॅफे आला. शटरच्या आत काचेचं दार, फुगे, भिंतीवर पिवळे दिवे, आणि पांढरी फरशी होती तशीच ठेवली, छान दिसते म्हणाले. कॉलेजं सुरू होती तोवर गर्दी. उन्हाळ्याच्या सुट्टीत रस्ता ओस पडला तेव्हा त्यांना कळलं की हा गाव मुलांवर चालतो. पावसाळ्यात समोर दुसरा कॅफे निघाला, याच्यापेक्षा स्वस्त. दिवाळीनंतर एक दिवस त्यांनी फोन करून सांगितलं की आम्ही बंद करतो आहोत. दलालाचे दोन्ही मोबाइल तेव्हापासून व्यस्त लागतात. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे मी चौथीच्या मुलांना शिकवलं आहे, फळ्यावर लिहून.

आता शटरवर ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी आहे, खाली माझा नंबर. फोन येतात, भाडं विचारतात, ठेवून देतात. पण खरं सांगते, दुकान रिकामं राहिल्याचं मला एवढं दुःख नाही. श्रावण गेला, थंडी गेली, आणि माझ्या घरी जेवायला कोणी आलं नाही, ते मनाला खातं. भाऊजी अकोल्याला मुलीकडे गेले, तिथे एका कॉलेजजवळ दुसऱ्याच्या दुकानात बाइंडिंग करतात, एवढं टपरीवाल्याकडून कळलं होतं. ठरवलं, जाऊन माफी मागायची आणि चाबी त्यांच्या हातावर ठेवायची. करार नको, डिपॉझिट नको. पहाटे उठून पाटवड्या केल्या, डबा भरला, आणि अर्ध्या तिकिटावर एसटीनं अकोल्याला गेले.

दुकान सापडलं. आतल्या बाजूला, टेबलाशी, भाऊजी पाठमोरे बसून पानं शिवत होते. केस पार पांढरे झाले होते. मला पाहून उठले, स्टूल पुसून दिलं, मालकाला सांगून चहा मागवला. मालक त्यांच्या मुलाच्या वयाचा, त्यांना ‘काका, लवकर आटपा’ म्हणत होता. मी पाठ करून गेले होते ते सगळं विसरले आणि नुसती चाबी टेबलावर ठेवली, ते ठेवायचे तशी. मी म्हणाले, भाऊजी, माझं चुकलं, फार चुकलं, परत चला.

त्यांनी चाबीकडे पाहिलं, हात लावला नाही. म्हणाले की वयनी, आता डोळे साथ देत नाहीत, मुलं पण आता फोनवरच सगळं जमा करतात, आणि इथे नातवंडं आहेत. शांतपणे म्हणाले, रागाचा लवलेश नव्हता. त्यानं मला जास्तच मेल्यासारखं झालं. मग ते उठले, खिळ्याला टांगलेल्या पिशवीतून एक चाबी काढली आणि माझ्या चाबीच्या शेजारी ठेवली. अगदी तशीच, फक्त लाल दोरा बांधलेली.

“हे बी घेऊन जा. तुमची हाये. दादांनी सुरुवातीलेच देल्ली होती, एखांद वेळी पहिली हरपली तर असू दे म्हनून. परत कराचं राहून गेलं.”

एवढी वर्षं आम्ही चाबी घेत होतो, वाटीत ठेवत होतो, आणि दुसरी त्यांच्यापाशी होती. ह्यांनी मला कधी सांगितलंच नव्हतं. बरोबरच केलं त्यांनी.

“म्हणजे त्या दिवशी ही तुमच्यापाशी होती?”

“होती ना.”

“मंग उघडून बसले काहून नाही? माल तुमचा, परीक्षा तोंडावर. मी काय करणार होते?”

“लोकाईनं सांगतलं होतं मले, या वर्षी चाबी देऊच नका म्हनून,” भाऊजी म्हणाले. “पन तुमाले देऊन चुकलो होतो ना वयनी. देल्यावर मंग कसं उघडतो?”

मालकानं काउंटरवरून हाक मारली. ते पुन्हा टेबलाशी जाऊन बसले. डबा त्यांनी ठेवून घेतला, रिकामा डबा मुलीच्या हातून पाठवतो म्हणाले. दोन्ही चाब्या मी पर्समध्ये टाकल्या आणि स्टँडवर आले.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. मूर्तिजापूर यायच्या आधीच मला त्यांचा तो हात आठवला. माझ्या दारात उभे असताना खिशातून न काढलेला हात. त्या मुठीत चाबी होती.