हिरवा दिवा लागला तरी

मी वाचायला शिकले ती कामगारांच्या पत्रकांवर. बाबा युनियनचे, घरात पुस्तकं मोजकी आणि पत्रकांचे गठ्ठे. बाबा गेले, ती भाषा माझ्या वाट्याला आली. ताईने त्यांची कामाची हत्यारं घेतली. अलिबागला आयटीआय करून ती घाटावरच्या एका मोटारीच्या कारखान्यात कंत्राटावर लागली.

गेल्या वर्षी आंब्याच्या दिवसांत ती अचानक रेवसला घरी आली. सुट्टी आहे म्हणाली. दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही. रविवारी मामा जेवायला आला. मामा मांडव्याच्या जेट्टीवरून पर्यटकांना आपल्या गाडीतून फिरवतो. त्याला दुसरी गाडी घ्यायची होती आणि अलिबागच्या बंगलेवाल्यांकडच्या दोन गाड्या त्याने हेरल्या होत्या. मॉडेल एकच, पण एक परदेशात जोडून बोटीने आलेली आणि दुसरी नंतर इथेच जोडलेली.

"चासी नंबरचं पहिलं अक्षर बघायचं," मामा भात कालवत म्हणाला. "एम दिसला की समजायचं, इथली. हात न्हाय लावायचा."

"का रे, इथलीला काय झालं?" आईने विचारलं.

"अगो, इथं मन लावून काम करतो कोण? पगारापुरते हात हलवतात नि घरी जातात."

ताई त्याच्या समोर बसली होती. रोज आठ तास उभं राहून ती गाड्याच जोडत होती. माझं डोकं फिरलं. देशातल्या कष्टकऱ्यांचा हा अपमान आहे, गोऱ्या माणसाने आवळला की बोल्ट जास्त घट्ट बसतो का, असं बरंच काही मी बोलले.

"झालं, पुढारीणबाई सुटल्या," मामा म्हणाला. "माईक द्या गो कोणीतरी."

"तू गप्प बस," ताई मला म्हणाली. मग मामाकडे वळली. "आणि तू जरा ऐक."

ती उठली, बॅगेतून एक कागद आणून तिने ताटांच्या मधे ठेवला. सुट्टी वगैरे काही नव्हती. तिला घरी बसवलं होतं.

ताईचं काम मागच्या सीटच्या पट्ट्याचे बोल्ट कसण्याचं. कसायच्या यंत्रावर हिरवा दिवा लागला की बोल्ट बसला असं धरायचं. एके दिवशी दिवा लागला, पण तिच्या बोटांना बोल्ट हलताना जाणवला. आटे तिरके गेले होते. तिने डोक्यावरची दोरी ओढली. ही दोरी ओढली की अख्खी लाइन थांबते. त्या पाळीत तिने ती तीनदा ओढली. सुपरवायझर धावत आला, "दिवा हिरवा आहे ना? मग?" संध्याकाळी तिच्या हातात हा कागद पडला. त्यावर लिहिलं होतं: निष्काळजीपणाने काम खोळंबवलं, क्षमा मागते, पुन्हा असं होणार नाही. सही करून पाठवला तर कंत्राट वाढणार होतं.

"आम्हाला शिकवायला परदेशातला एक माणूस आला होता," ताई म्हणाली. "तो सांगायचा, शंका आली की ओढा, तिकडे आम्ही ओढणाऱ्याला शाबासकी देतो. यंत्र तेच, बोल्ट तेच, दोरीसुद्धा तीच. तो गेला, आणि दोरी ओढणारा गुन्हेगार झाला. यात देशाच्या मातीचा काय संबंध? गाडीला हात लावायच्या आधी बोल्ट कसणाऱ्याला थांबायची मुभा होती का ते विचार."

मामाने बोटं चाटली. "मग मी वेगळं काय बोललो? तिकडं थांबवू देतात, इथं देत न्हायत. म्हणून तिकडची घेतो."

माझी पत्रकं काहीही म्हणोत, मामाचं बरोबर होतं.

"हो," ताई म्हणाली. "आज तसंच आहे. मी यावर सही केली तर उद्याही तसंच राहील."

"सही कर नि मोकळी हो! माफी मागून कोणाची जीभ झिजली न्हाय."

"जीभ नाही झिजत. बोल्ट सैल राहतो."

आईने ताईच्या पानात भात वाढला.

दुपारी उत्तराचा मसुदा मी लिहायला घेतला. पान भरलं. शोषण आलं, मुजोरी आली, एकजूट आली. ताईने पेन घेऊन सगळं खोडलं आणि खाली स्वतः लिहिलं: 'बोल्ट हलत होता म्हणून लाइन थांबवली. पुन्हा हलला तर पुन्हा थांबवेन.' त्याखाली सही केली. तेवढंच पाठवलं.

कंत्राट वाढलं नाही. मामाने बोटीने आलेली गाडी घेतली आणि ती उत्तम चालते. मला त्याचा राग नाही. राग आहे तो इथल्या हातांना आधी दम द्यायचा आणि मग इथला माल हलका म्हणून नाक मुरडायचं, या रीतीचा. या देशात चांगली गाडी जोडणारे हात आहेत. मी ते पाहिले आहेत, त्यांच्या शेजारी बसून जेवले आहे.

महिन्याभराने ताईला एका अनोळखी मुलीचा फोन आला. ती कारखान्यात ताईच्या जागी लागली होती. आवाज दबका, मागे यंत्रांचा गोंगाट. तिला एवढंच विचारायचं होतं: सैल बोल्ट हाताला कळतो कसा?

ताई पायरीवर बसली. "दोन बोटांत धर," ती म्हणाली, "आणि घाई करू नकोस."