करीममियाँचा सोनटक्का

गड्डा उकरून हातात घेतला, तर तो बोटांतच पिचला. आत पिवळट पाणी, वास कुजक्या बटाट्यासारखा. दुसरा काढला, तोही तसाच. करीममियाँ माझ्याशेजारी उकिडवे बसले होते.

"सगळेच गेले का, बापू?"

"बघून राह्यलो, चाचा. एखादा तरी चांगला निघंल."

वाफ्याच्या कडेचे चार-दोन तेवढे निघाले. बाकीचा चिखल.

मी तेव्हा जालन्याबाहेरच्या सरकारी रोपवाटिकेत कामदार होतो. निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं. आमचं मुख्य काम मोसंबीची कलमं बांधायचं. फुलझाडं असायची, पण ती साहेबलोकांच्या बंगल्यांपुरती. करीममियाँचं मस्तगडावर अत्तराचं दुकान होतं. त्यांच्या वडिलांच्या काळी लग्नसराईत दुकानासमोर उभं राहायला जागा नसायची म्हणे. आता मुंबईहून रंगीत बाटल्यांतलं सेंट येत होतं, आणि गिऱ्हाईक मियाँचा फाया हुंगून तिकडे जात होतं. मियाँच्या डोक्यात आलं, जे मुंबईच्या बाटलीत नाही असं काही तरी आपण काढावं. त्यांनी सोनटक्का धरला.

सोनटक्का म्हणजे हळद-आल्याच्या जातीचं झाड. जमिनीखाली आल्यासारखा गड्डा, वर पुरुषभर उंच दांडा, त्याच्या शेंड्याला पांढरी फुलं. फूल दिवस कलला की उमलतं आणि अंधार पडेपर्यंत अंगण भरून टाकतं. ते कोकणात ओढ्याकाठी आपोआप वाढतं. आमच्याकडे काळी जमीन आणि चैत्र-वैशाखात भाजून काढणारा वारा. मियाँ रोपवाटिकेत आले तेव्हा मी त्यांना हेच सांगितलं. ते म्हणाले, "तू लाव तर खरं. मरलं तर माझं मरलं."

आमचे मोहतमीम, म्हणजे सुपरिंटेंडेंट साहेब, हैदराबादचे होते. मी परवानगी मागायला गेलो.

"सरकारी विहिरीचं पाणी अत्तरवाल्याला?"

"विहिरीचं न्हाई साहेब. मोट रिती होते त्या थारोळ्यातून जे सांडतं, ते. ते तर वायाच जातं."

"कलमांना कम पडलं तर?"

"तर उपटून टाकतो."

साहेबांनी मान डोलावली. विहिरीच्या मागचा, आंब्याच्या सावलीतला तुकडा मिळाला. घनसावंगीला माझ्या मामाच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर सोनटक्क्याचं बेट होतं. तिथून गड्डे आणले, काळ्या मातीत पुरले आणि पहिल्याच पावसाळ्यात ते असे सडले.

या झाडाची अडचण अशी, की त्याला पाणी सतत लागतं पण साचलेलं चालत नाही. काळी माती पाणी धरून बसते. मामाकडे ते जगलं, कारण न्हाणीचं पाणी रोज थोडं यायचं आणि उतारानं निघून जायचं. मग आम्ही तसंच केलं. नदीची वाळू आणली, शेणखत आणि कुजलेला पाला मिसळला, जमिनीच्या वर हातभर उंच वाफे बांधले आणि गड्डे अगदी वरवर, नुसते झाकतील इतकेच लावले. कडेला वाऱ्याच्या अंगाला शेवरीची दाट रांग लावली. उन्हाळ्यात पानांच्या कडा करपल्या, पण गड्डे जगले.

पुढच्या पावसाळ्यात थोडी फुलं आली. मियाँ रोज संध्याकाळी जुन्या गावातून चालत यायचे. फुलं तोडताना त्यांना कुणी बोललेलं खपायचं नाही. पहिल्या तोडीची फुलं त्यांनी देगेत घातली. देग म्हणजे तांब्याचं मोठं भांडं. त्यात फुलं पाण्याबरोबर उकळतात आणि वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यातल्या चंदनाच्या तेलात उतरते. गुलाबाचं, केवड्याचं अत्तर असंच होतं. सोनटक्क्याचं झालं नाही. मियाँनी बोट बुडवून हुंगलं आणि माझ्यापुढे धरलं.

"सांग, काय?"

"उकडलेल्या पालेभाजीचा वास येतो, चाचा."

"बराबर. आग सोसत न्हाई याला."

दोन दिवस ते बागेत फिरकले नाहीत. आले ते तिळाची थैली घेऊन. धुऊन सोललेले तीळ एका परातीत पसरायचे, त्यावर फुलं, पुन्हा तीळ. सकाळी सुकलेली फुलं वेचून काढायची, संध्याकाळी ताजी घालायची. तिळाला वास पीत बसू द्यायचं. मग ते तीळ घाण्यावर गाळायचे. यात विस्तव कुठेच नाही. त्या तेलाला ते फुलेल म्हणत.

पावसानं नेमकी उघडीप दिली होती. तेल लहान बाटलीभर निघालं. मियाँनी कापसाचा फाया करून माझ्या कानात खोवला. मी तसाच ऑफिसात गेलो. मोहतमीम साहेबांनी कागदावरून डोकं वर केलं.

"ये क्या है?"

"सोनटक्का, साहेब. आपल्या थारोळ्यामागचा."

साहेब खुर्चीतून उठले, फाया काढून घेतला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. पुन्हा एकदा हुंगून म्हणाले, "वाफे वाढवा." मियाँना हे सांगितलं तेव्हा ते हसले आणि लगेच वाफे मोजायला लागले. पुढच्या साली मोठं काम करायचं ठरलं.

ते पुढचं साल अठ्ठेचाळीसचं निघालं.

उन्हाळ्यापासूनच हवा बिघडली होती. कोण कुणाच्या बाजूचा, हे लोक नाव ऐकून ठरवू लागले. मियाँचं येणं कमी झालं. भादव्यात पोलीस ॲक्शन झाली, हिंदी फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. गावात कुणी पेढे वाटले, कुणी दारं लावून घेतली. आणि त्याच दिवसांत सोनटक्क्याला बहर आला. असा बहर मी पुन्हा पाहिला नाही. हिरव्यावर पांढरं की पांढऱ्यावर हिरवं, कळेना.

मी सकाळीच काही दांडे तोडून उपरण्यात गुंडाळले आणि मस्तगडावर गेलो. दुकान बंद होतं. मागच्या दारावर थाप मारली.

"कोण?"

"मी बापू. बागेतला."

दार अर्धं उघडलं. आत गाठोडी बांधून ठेवलेली. चाची पडद्याआड रडत होत्या. मियाँची दाढी वाढली होती. मी उपरणं सोडलं. ते गाठोड्यावरच बसले आणि एक फूल नाकाशी धरलं.

"कधी तोडलं?"

"आत्ता, सकाळी."

"चूक. सांच्याला तोडायचं. इतके दिवस काय बघून राह्यला होता?"

मी म्हणालो, "चाचा, चला की बागेत. बैलगाडी आणतो. माझ्यासोबत असल्यावर कोण काय म्हणतंय?"

"तू काही म्हणणार न्हाईस, बेटा. पण तू एकटाच हाय." मग पडद्याकडे बघून हळू म्हणाले, "हिला रातीला नींद न्हाई. हैदराबादला लेकीकडं जातो. हवा निवळली की येतो."

"मंग फुलांचं काय?"

"तीळ आहेत घरात. घेऊन जा. तू बघितलंय सगळं." मी थैली उचलली. दारात त्यांनी माझा दंड धरला. "फूल ओलं न्हाई पाहिजे. बिलकुल ओलं न्हाई."

ते गेले. त्याच दिवशी पावसाची झड लागली.

मी आणि माझी बायको जमेल तसं करत राहिलो. रोज दिवस कलताना भिजलेली फुलं तोडायची, धोतराच्या फडक्यावर पसरायची, टिपायची. टिपायला हात लावला की पाकळी तपकिरी पडायची. न टिपावं तर तिळाला ओल लागायची. पावसात काय करायचं, हे मियाँना माहीत असणार. त्यांच्या वडिलांनीही पावसाळ्यात केवड्यासारखी फुलं तोडली असणार. पण आमच्या त्या एका बॅचला ऊन मिळालं होतं, म्हणून तो प्रश्न कधी निघालाच नव्हता. तेल्यानं तीळ गाळून दिले. त्यानं तेल हुंगलं आणि बाटली माझ्याकडे सरकवली. आंबूस, बुरसट वास होता.

मोहतमीम साहेबही हैदराबादला निघून गेले. नवे साहेब आले, त्यांना वाफ्यांच्या जागी मोसंबीची नर्सरी हवी होती. थोडे गड्डे मी माझ्या क्वार्टरमागे लावले, बाकीचे उपटले.

पुढे एका ट्रेनिंगसाठी हैदराबादला गेलो तेव्हा अत्तराच्या गल्लीत विचारत विचारत मियाँच्या जावयाचं दुकान गाठलं. मियाँ त्याच्या आदल्या थंडीत वारले होते. जावई म्हणाला, शेवटपर्यंत जालन्याला जायचं म्हणत होते, पण घरातल्यांनी जाऊ दिलं नाही. मी त्याला सोनटक्क्याच्या फुलेलाबद्दल विचारलं. तो कपाटातल्या बाटल्या दाखवायला लागला. त्यात ते नव्हतं. पावसाळ्यात फुलं कशी सुकवायची, हेही त्याला ठाऊक नव्हतं. मियाँ कुणाला शिकवून गेले नव्हते.

नंतर खात्यात मी बरीच वर्षं काढली. नव्या पोरांना कलमं बांधायला शिकवली. त्यांना एक गोष्ट मात्र बजावून सांगत आलो. एखाद्याचं काम चांगलं जमलं, की तेव्हाच त्याला विचारून घ्यावं, हे बिघडलं असतं तर तू काय केलं असतंस? काम बिघडतं त्या दिवशी तो माणूस शेजारी असेलच, असं नसतं.