"हे माझ्या मुलीला होईल का?" एवढंच मला विचारायचं होतं, पण विचारलं नाही.

"हा त्वचेचा लिम्फोमा आहे," नाशिकच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा कातडीत वाढणारा कॅन्सर. लवकर सापडलाय." पुढे त्या बरंच बोलल्या. माझ्या कानात 'ऑन्कोजीन' एवढाच शब्द राहिला.

मी सूर्यमाळजवळच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. कमरेवर, मांडीवर लालसर कोरडे चट्टे काही वर्षं होते. खाज यायची. गजकर्ण समजून मी मोखाड्याहून मलम आणायचे. चट्टे दबायचे, पुन्हा उठायचे. पाड्यावर कुजबुज सुरू झाली, कुष्ठरोग असेल. कुणाकडे गेले तरी मी दारातच थांबू लागले. त्या धास्तीने मी जव्हारच्या दवाखान्यात गेले.

तिथल्या डॉक्टरांनी चट्ट्यावर कापूस फिरवला. मला स्पर्श कळत होता. "कुष्ठरोग वाटत नाही, पण मलमाने जात नाही तर तपासायलाच हवं," म्हणून त्यांनी नाशिकला पाठवलं. तिथे बायोप्सी झाली, म्हणजे जागा सुन्न करून कातडीचा डाळीएवढा तुकडा काढला. ते दुखलं नाही. रिपोर्टची वाट बघणं दुखलं.

आणि आता हे जीन. सिकलसेलच्या तपासणीत आम्हीच घरोघर सांगतो, हा रक्ताचा आजार जीनमधून, आईबापाकडून लेकरात उतरतो. माझी मनीषा जामसरला दिलेली, पहिलटकरीण. तिला, तिच्या बाळाला हे माझ्याकडूनच गेलं असेल, या अपराधी भावनेने मी तिच्याकडे जाणंच बंद केलं. फोन आला तरी कामाचं निमित्त सांगायचे.

शेवटी जीप बदलत, पोट सांभाळत तीच दारात आली.

"आये, माझ्यापासून तोंड का लपवतेस?"

मी रडत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग मीच विचारते डॉक्टरांना."

पुढच्या तपासणीला ती सोबत आली आणि खरंच तिने विचारलं, "हे मला होईल का? बाळाला?"

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "प्रत्येक पेशीत वाढ सांगणारी जीन असतात. जंतू आले की ती पेशींना वाढायला सांगतात, काम झालं की गप्प बसतात. आईच्या कातडीतल्या काही पेशींमध्ये ती मधेच कधीतरी बिघडली. आता गप्पच बसत नाहीत, पेशी वाढतच राहतात. अशा बिघडलेल्या जीनला ऑन्कोजीन म्हणतात. हा बिघाड जन्माचा नाही, त्या पेशींपुरताच आहे. सिकलसेलसारखा लेकरात उतरत नाही. शिवल्यानेही होत नाही."

"पण बिघडली कशाने?" मी विचारलं.

"नेमकं सांगता येत नाही. तुमचं काही चुकलेलं नाही."

मनीषाने माझा हात तिच्या पोटावर ठेवला. बाळ हललं.

मग फोटोथेरपी सुरू झाली. डोळ्यांवर काळा चष्मा लावून खास किरणांच्या दिव्यांमध्ये उभं राहायचं. त्यासाठी कित्येक महिने मी भावाकडे नाशिकला राहिले. कातडी कोरडी पडायची, कंटाळा यायचा. पण चट्टे फिके होत गेले. आता दोनच उरलेत. हा आजार परत येऊ शकतो, तपासणी चुकवायची नाही, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलंय. मी चुकवत नाही.

तुमच्या अंगावर असा हटून बसलेला चट्टा असेल तर लपवू नका, दाखवा. आणि डॉक्टरांचा शब्द कळला नाही तर तिथेच विचारा. अर्धवट ऐकलेल्या शब्दापायी मी माझ्या लेकीला दूर लोटलं होतं.

मनीषाला मुलगी झाली. मी बाळाला बघायला गेले आणि सवयीने दारातच थांबले. आतून विहीणबाईंनी तेलाची वाटी पुढे केली. "विहीणबाई, तिथे काय उभ्या? या, नातीला तेल लावा."