छपरावर थांबलेली मुलगी

"तिला जरा दम खाऊ दे गो," मावशी म्हणायच्या आणि बटणावरचा अंगठा उचलून घ्यायच्या. हातातल्या छोट्या पडद्यावरची मुलगी मग कड्याच्या टोकाशी उभी राहायची. तिचा परकर वाऱ्यानं हलायचा, मागचे ढग सावकाश सरकायचे. माझ्या पनवेलच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेली चारदोन माणसंही तिच्याबरोबर थांबायची.

मी फिजिओथेरपिस्ट. मावशींना त्यांचा मुलगा घेऊन आला तेव्हा अर्धांगाच्या झटक्याला काही महिने झाले होते. पाय बराच सुधारला होता. उजवा हात मात्र मांडीवर टाकलेल्या ओल्या फडक्यासारखा पडून असायचा. मी दाबायला रबरी चेंडू दिला. त्यांनी तो थोड्याच दिवसांत परत आणला.

"हा कितीबी पिळला तरी दूध नाय द्यायचा," त्या म्हणाल्या.

मग एकदा त्यांच्या पिशवीतून ते यंत्र निघालं. नर्सिंग शिकायला होस्टेलवर जाताना नात आपला व्हिडिओ गेम आजीकडे ठेवून गेली होती. डाव्या अंगठ्यानं मुलीला चालवायचं, उजव्यानं उडी मारायला लावायची. मुलगी जादूवाली होती. उजवं बटण दाबून धरलं की तिचा परकर छत्रीसारखा फुगायचा आणि ती तरंगायची. आणखी धरून ठेवलं तर पांढरा बगळा होऊन उडायची. मला त्यात अंगठ्याचा पुरेपूर व्यायाम दिसला. मावशींना त्यात एक पोर दिसली. एखाद्या वस्तूशी माणसासारखं वागणारं कुणी तुमच्याही पाहण्यात असेल. त्यांच्याजवळ बसलं की आपणही तसेच वागू लागतो.

सुरुवातीला बगळा दूरच, साधी उडीही होईना. मुलगी खड्ड्यात पडायची. खेळ तिला लगेच पुन्हा उभी करायचा, पण मावशींचा चेहरा उतरलेला असायचा.

"लागलं असंल गो तिला. माझा हात असा, त्यात तिचा काय दोष?"

तळोज्याच्या कारखान्यात पाळ्या करणारे एक काका मानेला शेक घ्यायला येत. आधी ते कोपऱ्यात पेंगायचे. मग हळूहळू खुर्ची सरकवत मावशींच्या शेजारी आले. "मावशी, आता उडी," ते दबक्या आवाजात सांगायचे.

"थांब. दमली हाय ती."

अंगठ्यात जोर येऊ लागला तशी मुलगी पुढे पुढे गेली. आणि मग ते गाव आलं. पाण्यात बुडालेलं. वर फक्त कौलारू छपरं, आणि भोवती मिठागरासारखे पाण्याचे चौकोन, प्रत्येकात आभाळाचा एकेक तुकडा. मुलगी एका छपरावर उतरली आणि मावशींनी अंगठा उचलला तो उचललाच.

त्यांचं स्वतःचं गाव विमानतळासाठी उठलं होतं. आता त्या नव्या वसाहतीत, दुमजली पक्क्या घरात राहायच्या. जुन्या गावाविषयी त्या कधी बोलत नसत. आता मात्र पडद्यावरची छपरं बोटानं दाखवू लागल्या. "हे आमचं. हे माझ्या जावंचं. इथं आमी मासळी सुकत घालायचो." रोज येऊन त्या त्याच छपरावर थांबायच्या. गावाच्या टोकाला, पाण्यापलीकडे एक दरवाजा होता. तिथवर बगळा होऊन उडत जावं लागे.

"मावशी, पुढे जाऊ या का?" मी एकदा विचारलं.

"पुढं गेल्यावर मागं येता येतंय?"

"नकाशातून येता येतं," काका म्हणाले. "माझा मुलगा खेळतो असले गेम."

"आमालाबी लोक सांगायचे, वाटंल तवा येऊन बघा. एकदा गेलो तर कुंपण. आतला डोंगरबी कापून सपाट केलेला."

काका मान चोळू लागले. मी विषय सोडला.

दिवाळीच्या सुट्टीत नात आली आणि आजीबरोबर दवाखान्यात येऊन बसली. पडदा बघून हसली.

"आजी, मीपण इथंच अडकलेले. दरवेळी घाई करायचे आणि पाण्यात पडायचे. दारापलीकडं काय आहे ते मला अजून माहीत नाही. तू बघून सांग ना."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि अंगठा टेकवला. मुलगी तरंगली, तिचा बगळा झाला. छपरं एकेक करून मागे गेली. खाली नुसतं पाणी. मावशींच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं. काका उभे राहिले होते. बगळा दारात शिरला आणि पडदाभर उजेड पसरला.

"आता मागं," मावशी लगेच म्हणाल्या.

नातीनं नकाशा उघडून दिला. गाव जागेवर होतं. पाणी ओसरलं होतं, अंगणं दिसत होती, दारादारांत दिवे होते. खेळ रचणाऱ्यानं दार ओलांडून परत येणाऱ्यासाठीच ते राखून ठेवलं असणार. मावशी खूप वेळ बघत राहिल्या.

"सगळी घरं हायेत," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले. उजव्या हातानं. ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

त्यानंतर लवकरच त्या मोऱ्याला, बंदराजवळ, मुलीकडे राहायला गेल्या. काका अधूनमधून त्यांची चौकशी करायचे. उन्हाळ्यात नात एकटीच दवाखान्यात आली. आजी झोपेतच गेली, म्हणाली. आदल्या दिवशी मात्र तिनं चुलीपुढून सगळ्यांना उठवलं होतं. दुखण्यानंतर पहिल्यांदाच स्वतः तांदळाची भाकरी थापली होती, दोन्ही हातांनी.

"कशी झाली होती?" मी विचारलं.

"जाड. आणि एका कडेला करपलेली," ती म्हणाली. "आत्यानं दुसरी मागून घेतली."