सुभेदारकाकांची मोजणी आणि आमच्या बंदुका

शूटिंगमध्ये अर्धा दिवस वाट बघण्यात जातो. कॅमेरा लागेपर्यंत गप्पा, आणि गप्पांतून किस्से. बारा वर्षांत माझ्याकडे एवढे साठलेत की बायको म्हणते, आता घरात भांड्यांना जागा ठेवा.

मी चौलचा. सिनेमावाल्यांना बंदुका पुरवणाऱ्या टीममध्ये आहे. आमचे प्रमुख सुभेदारकाका, महाडकडचे, फौजेतून रिटायर झालेले. रबरी बंदुका बनवते रोहिणी.

मे महिन्यात रेवदंड्याच्या किनाऱ्यावर शूटिंग होतं. ऊन असं की हिरोच्या रबरी रायफलची नळीच वाकली. डिरेक्टर भडकले. रोहिणी शांतपणे म्हणाली, "सर, राहू द्या. वळणापलीकडचा व्हिलनपण मरेल."

तिथेच एक कोळीणमावशी जवळा वाळवत बसल्या होत्या. गोळी लागलेला गुंड तीनही टेकला धडपडत त्यांच्या जवळ्यावरच पडला. चौथ्याला मावशी उठल्या. "मेलास नं? मंग त्या अंगाला मर."

काका गोळ्या मोजतात. एकदा हिरो पिस्तूल थांबवेचना. काका म्हणाले, "सायेब, गोळ्या संपल्या. भरा आता."

डिरेक्टर हसले. "काका, प्रेक्षक मोजत नाहीत."

"फौजी मोजतात. तेबी तिकीट काढूनच येतात."

मग हिरोने भिंतीआड बसून, एकेक गोळी मोजत पिस्तूल भरायचा शॉट घेतला. अलिबागच्या थिएटरात सगळ्यात जास्त शिट्ट्या त्यालाच पडल्या.

एका सिनेमात स्टंटवाला आजारी पडला, म्हणून हिरोसमोर मला उभं केलं. रायफल खरी, काडतूस खोटं: आवाज आणि जाळ निघतो, गोळी नसते. सूर्य उतरत होता, सगळ्यांना घाई. काका म्हणाले, "थांबा."

"काका, आत्ताच तर बघितलीत," डिरेक्टर म्हणाले.

"मधे वाळूत ठेवली व्हती."

त्यांनी रायफल रिकामी केली, नळीतून गज घातला. शिंपल्याचा एक तुकडा बाहेर पडला, नखाएवढा. बार उडाला असता तर तो सुसाट माझ्या छातीत आला असता. माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. घरी जाऊन मी तिला जे उचललं, ते ती झोपली तरी खाली ठेवलं नाही. दर दिवाळीला आम्ही तिघं महाडला जाऊन काकांच्या पाया पडतो. ते दरवेळी म्हणतात, "माझं काम व्हतं ते."

रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट बघताना एका नव्या हिरोने काकांना विचारलं, "समोरच्यावर गोळी झाडल्यावर चेहऱ्यावर काय भाव ठेवू?"

काकांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "समोर माणूस दिसत असताना मी एकदाच झाडली. शेजारच्याला विचारलं, पडला का? तो म्हणाला, न्हाय, पळाला."

"अरेरे. मग?"

"मग चहा प्यालो. तसा चहा पुन्हा कधी लागला न्हाय."