लॉकरमधले श्रोते

माझ्या मुलीचा आठ गाण्यांचा अल्बम आला, तेव्हापासून तो कितीदा वाजला याचा आकडा मी रोज वहीत लिहीत होतो. चाकणच्या एका कारखान्यात पार्ट तपासण्यात माझी पंचवीस वर्षं गेली आहेत. मोजायचं आणि लिहून ठेवायचं, हे अंगवळणी पडलेलं.

हिंजवडीची नोकरी सोडून तिनं दोन वर्षं त्या गाण्यांवर काढली. त्या प्रकाराला निओ-सोल म्हणतात, असं तिनं मला सांगितलं होतं. मला कळलं ते इतकंच, की ठेका संथ असतो आणि गाणारी स्वतःशी बोलल्यासारखी गाते. शब्द मराठी होते. सहा महिन्यांत कोणी ऐकलं नाही तर परत नोकरी शोधीन, हे तिनंच ठरवलं होतं.

परीक्षणं दोन आली. एकानं आवाजाची मनापासून तारीफ केली. दुसऱ्याला हा प्रकार मराठीत उपरा वाटला. रावेतच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चाळीस अंगठे आले, त्या दिवशी गाणी वाजली अकरा वेळा. वरच्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये म्हणाले, "ऐकलं हो, छान आहे. फक्त गाणं सुरू कधी होतं तेवढं सांगा."

मुलगी सकाळी उठल्यावर पहिल्यांदा फोन बघायची आणि तो उलटा ठेवायची. ते मला बघवेना.

आमच्या कारखान्यात फोन आत नेता येत नाही, गेटजवळच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. तिथं कंपनीचं वायफाय मिळतं. लाइनवरच्या एकाला मी म्हटलं, "आठ तास पडूनच असतो ना, त्यावर ही गाणी लावून ठेव."

"आवाज बारीक करून चालंल का, साहेब?"

"चालेल."

"मग काय अडचण न्हाई. ऐकायचं नसंल तर अजून दहा जण आणतो."

तिन्ही शिफ्टचे मिळून एकतीस फोन झाले. माझा धरून. केसभर चुकलेला पार्ट मी बाजूला काढतो, आणि घरी येऊन हे आकडे मात्र चांगल्या अक्षरात वहीत उतरवत होतो.

गाण्यांच्या ॲपवर तिला ऐकणारे कुठले आहेत ते दिसायचं. "बाबा, चाकणमध्ये लोक ऐकतायत. पाचवं गाणं तर सगळ्यात जास्त," ती म्हणाली. "शिफ्टवाले असतील. दिवसभर मशीनचा आवाज, मग असं संथ बरं वाटत असेल." त्यांच्यासाठी चाकणमध्ये छोटा कार्यक्रम करायचं तिच्या मनात आलं. ती दोन हॉल बघून आली. मी तिला गाडीनं घेऊन गेलो होतो, आणि तेव्हाही बोललो नाही.

पाचव्या महिन्यात ॲपवाल्यांची मेल आली. एकाच वायफायवरून दिवसरात्र वाजवलेली गाणी खोटी धरली जातात, म्हणून अल्बम काढून टाकला आहे. रविवार होता. स्वयंपाकघरात ती मेल तिनं मोठ्यानं वाचली आणि म्हणाली, "चाकणमध्ये असं कोण करेल?"

मी सांगितलं.

तिनं फोन उलटा ठेवला. मग म्हणाली, "वही आणा. खरे किती?"

मी वजाबाकी केली. "तीनशे सोळा."

"त्यात तुमचे?"

"एकशे चाळीस. सुरुवातीला घरी लावायचो."

"ऐकत होतात?"

"बातम्या बघता बघता."

"पाचवं गाणं कशावर आहे, बाबा?"

मी वहीतच बघत राहिलो. तिनं वही मिटून माझ्यासमोर सरकवली.

अल्बम दुसरीकडे चढवता आला असता, तिनं नको म्हटलं. सहावा महिना संपायच्या आत तिला तळवड्यात नोकरी लागली. सात चाळीसला कंपनीची कॅब येते. ती घरात गुणगुणतही नाही. पाचवं गाणं कशावर होतं, हे विचारायचं माझं धाडस अजून झालेलं नाही.