पाटावरचं नाव

दोन हजार सालानंतरची गोष्ट. शिवाजी पेठेतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात मुरगूडहून एक म्हातारबा आले, तेव्हा लग्नसराई ऐन भरात होती आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यांनी पिशवीतून सागवानी पाट काढला. त्यांची बायको भाकरी थापायला त्यावर बसायची. ती गेली. आता त्या पाटावर तिचं नाव कोरून तो नव्या घराच्या दारावर लावायचा होता.

“नाव काय?” मी विचारलं. त्यांनी चिठ्ठी पुढं सरकवली. अक्षर लागेना म्हणून म्हटलं, “वाचून दाखवा की.”

“तुमीच वाचा की,” म्हणाले आणि चक्क लाजले. त्या पिढीत बायकोचं नाव कोण घेतंय! मला हसू आलं. शेवटी मीच एकेक अक्षर लावत ते वाचलं.

काम सोपं होतं. नाव टाइप करायचं, त्याच्या रेघांची फाइल बनवायची आणि उद्यमनगरातल्या लाकूड कोरायच्या राउटर मशीनवर न्यायची. पण तेव्हाच्या मराठी फॉन्टात काना वेगळा, वेलांटी वेगळी आणि प्रत्येकाची शिरोरेघ शेजाऱ्याच्या घरात घुसलेली. पडद्यावर आत काळा रंग भरलेला, त्यामुळं जोड दिसत नाहीत. मशीनला रंग कळत नाही, रेघ कळते; आतली जोडाची रेघही ते कोरत सुटतं. म्हणून सगळे तुकडे आधी एकजीव करावे लागतात. शेकडो वेळा केलं होतं. त्या दिवशी मी विसरले.

पाट दुसऱ्याच्या हातात द्यायला म्हातारबा तयार नव्हते, म्हणून त्यांनाही मी मशीनपाशी घेऊन गेले. दुसऱ्याच अक्षराला कटर सरळ जायचं सोडून जोडापाशी आत वळला आणि शिरोरेघेचे तुकडे पाडू लागला. “बंद करा!” मी किंचाळले. त्या आवाजात कुणाला ऐकू जातंय? मशीनवाला धावत येईपर्यंत नाव संपत आलं होतं. मी नुसती बघत राहिले. इतकी हतबल मी कधीच झाले नव्हते. दुसरी फळी मिळाली असती, तो पाट कुठून आणणार?

“काका, चुकलं माझं.” चुकीच्या खाचा लांबी भरून बुजवून देते म्हणाले, पॉलिश करून देते म्हणाले. माझंच बोलणं मला ऐकवेना.

त्यांनी भुसा फुंकला. “असू दे पोरी. तिनं कवा तक्रार केली न्हाय, मी कशाला करू?”

मग तुटक्या रेघेवरनं बोट फिरवत त्यांनी ते नाव घेतलं. मोठ्यानं, आतल्या घरात हाक मारावी तसं. मशीन बंद होतं, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं. मला तिथं उभं राहवेना.